पिशवी काढण्याआधी स्नायू तपासा

रबाळे एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात यंत्रांची वही असते. कॉम्प्रेसरचा दाब किती, बॉयलरचे तापमान किती, मोटर किती वीज ओढते, याच्या नोंदी पाळीगणिक होतात. काटा लाल पट्टीकडे सरकला की यंत्र थांबवतात, मिस्त्री येतो, सैल झालेले आवळतो आणि मगच काम पुढे सुरू होते. बिघाड होण्याआधी तपासणी करावी, हे शहाणपण ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या उद्योगांना कुणी शिकवावे लागत नाही.

त्याच कारखान्यात पॅकिंगच्या टेबलापाशी आठ-दहा तास उभ्या राहणाऱ्या, खोकी उचलून रचणाऱ्या बाईची अशी वही कुणी ठेवत नाही. डोंगराकडच्या वस्तीत पाण्याचे हंडे चढवणाऱ्या किंवा नाक्यावर उभी राहून बांधकामाचे काम मिळवणाऱ्या बाईची तर नाहीच नाही. खोकला आला, शिंक आली, ओझे उचलले की यांतल्या अनेकींची लघवी सुटते. कुणाचे अंग बाहेर येते. कुणाला संध्याकाळपर्यंत ओटीपोट जड होते, खाली गोळा उतरल्यासारखा वाटतो. मग त्या जास्तीचा कपडा घेतात, पाणी कमी पितात, लोकलचा लांबचा प्रवास टाळतात आणि गप्प राहतात.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या स्नायूंच्या दुबळेपणामुळे हे पुष्कळदा होते, ते स्नायू तपासता येतात, मोजता येतात आणि योग्य व्यायामाने सुधारताही येतात. ही विद्या पाऊणशे वर्षे जुनी आहे. तरीही आपल्याकडे बाईला पिशवी काढण्याचा सल्ला लवकर मिळतो, स्नायू तपासण्याचा सल्ला मात्र क्वचितच कानावर पडतो. याला अज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही. ही बेपर्वाई आहे. तिच्यात सरकार, डॉक्टर, बाजार आणि आपला समाज, सगळ्यांचा वाटा आहे.

विषय वाचून काहींना अवघडल्यासारखे होईल. होऊ द्या. आपल्या आयांनी हे अवघडलेपण आयुष्यभर सोसले आहे, आपण दहा मिनिटे सोसायला हरकत नाही.

हाडांमध्ये टांगलेली झोळी

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी पसरलेली असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीच्या आधाराने जागेवर राहतात. लघवी आणि शौच रोखून धरणे हेही तिचेच काम. आपण खोकतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो, त्या क्षणी ही झोळी आपोआप आवळली जाते आणि लघवी थांबून राहते. आपल्याला त्याची जाणीवही होत नाही.

बाळंतपणात ही झोळी प्रचंड ताणली जाते. बाळाचे डोके बाहेर येताना स्नायू आणि त्यांना चालवणारी नस, दोन्हींना इजा होऊ शकते. कळा फार वेळ चालल्या, चिमटा लावावा लागला, बाळंतपणे लागोपाठ झाली, तर धोका वाढतो. त्यानंतर जड ओझी, वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेले वजन आणि पाळी गेल्यानंतर अंगातले बदल त्यात भर घालतात. म्हणजे हा केवळ म्हातारपणाचा आजार नाही. पंचविशीत दोन बाळंतपणे झालेली आणि चाळीस दिवस पुरे होताच कामावर परतलेली मुलगीही यात सापडते.

याची दुसरी बाजूही आहे. काही जणींची झोळी ढिली पडत नाही, उलट कायम आखडून राहते. त्यांना संबंधांच्या वेळी असह्य वेदना होतात, लघवीला बसूनही सुरू होत नाही, शौचाला त्रास होतो. अशा बाईला "आवळायचे व्यायाम कर" असे सांगितले, तर त्रास वाढू शकतो. तिला आधी सैल सोडायला शिकवावे लागते. दोघींची तक्रार वरवर सारखी भासू शकते, पण औषध उलटे असते. म्हणून तपासल्याशिवाय सल्ला देऊ नये.

मोजतात कसे?

१९४८ साली अर्नॉल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने या स्नायूंच्या व्यायामावर लेख प्रसिद्ध केला. त्याने एक साधे उपकरण वापरले. योनीमार्गात ठेवायचा हवेचा छोटा फुगा आणि त्याला जोडलेला दाबाचा काटा. बाईने स्नायू आवळले की काटा हलायचा. आपले कोणते स्नायू आवळायचे आहेत, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचे. रक्तदाब ज्या एककात मोजतात, त्याच एककात हा दाबही मोजला जायचा. आज जगभर या व्यायामांना केगेलचेच नाव आहे.

त्यानंतर पद्धती वाढल्या. सर्वांत साधी पद्धत बोटांनी तपासण्याची. प्रशिक्षित डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, बाईच्या संमतीने, हातमोजा घालून तपासते, "आवळा" म्हणते आणि आकुंचनाला शून्य ते पाच असे गुण देते. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, पाच म्हणजे जोरदार पकड. याला खर्च हातमोज्याचा. दुसरी पद्धत स्नायूंमधल्या विजेची. प्रत्येक स्नायू आकुंचन पावताना अत्यंत सूक्ष्म विद्युत संकेत सोडतो. हृदयाचा ईसीजी काढतात तसाच हा स्नायूंचा आलेख, त्याला ईएमजी म्हणतात. योनीमार्गात ठेवलेल्या किंवा त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने हे संकेत मायक्रोव्होल्टमध्ये टिपले जातात. स्नायू विश्रांतीत किती शांत आहे, झटकन किती आवळला जातो, दहा सेकंद धरून ठेवला तर दमतो का, सोडल्यावर पुरता सैल होतो का, हे सगळे पडद्यावर दिसते. आखडलेला स्नायू आणि दुबळा स्नायू यांतला फरक ओळखायला याची मदत होते.

या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर उद्या कुणीतरी तेच विकायला बसेल. ईएमजी स्नायूंची ताकद थेट मोजत नाही, त्यांची विद्युत हालचाल मोजते. इलेक्ट्रोड कुठे बसला, बाई झोपली आहे की उभी, यावर आकडा बदलतो. त्यामुळे एकीच्या आकड्याची दुसरीच्या आकड्याशी सरळ तुलना करता येत नाही. ब्रिटनमध्ये सहाशे स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना देखरेखीखाली नुसते व्यायाम दिले, निम्म्यांना व्यायामासोबत ईएमजीचे यंत्र दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत लघवी सुटण्याच्या त्रासात फरक आढळला नाही. तिथल्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात की, लघवी सुटण्याच्या त्रासात आधी किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम द्या, पण प्रत्येकीला यंत्र लावू नका.

मग मोजायचे तरी कशाला? कारण नुसत्या तोंडी सूचनांवर भागत नाही. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना तोंडी समजावून व्यायाम करायला लावले आणि उपकरणाने तपासले. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. एक चतुर्थांश स्त्रिया उलटे करत होत्या. आवळण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे ज्या व्यायामाने त्रास कमी व्हायचा त्याच व्यायामाने तो वाढण्याची शक्यता होती. व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ आणि दवाखान्यातले छापील पत्रक यांची मर्यादा यातून कळते. कुणीतरी जाणत्या व्यक्तीने एकदा तरी तपासून "हो, हाच स्नायू" असे सांगावे लागते. खर्चिक यंत्र नसले तरी चालेल. प्रशिक्षित हात आणि विचारणारे तोंड हवे. आपल्याकडे नेमकी हीच दोन साधने दुर्मीळ आहेत.

गडचिरोलीने विचारले, बीडने कापले

स्त्रियांना कुणी विचारलेच नाही, ही तक्रार महाराष्ट्रात आजची नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली त्यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्यांच्यापैकी याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तोवर सरकारी आरोग्य खात्याच्या लेखी ग्रामीण स्त्री म्हणजे कुटुंबनियोजनाचे लक्ष्य आणि बाळंतपणाची नोंद. तिला स्वतःचा म्हणून आजार असतो, हे दाखवायला कुणालातरी तिच्या दारात जाऊन तपासावे लागले.

तीस वर्षांनी त्याच राज्यातून बीडची बातमी आली. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांचे सर्वेक्षण झाले, त्यांतल्या १३,८६१ जणींनी पिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. त्या बहुतेक अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातले दुखणे अशा तक्रारी घेऊन गेल्या होत्या. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या, बाळंतपणानंतर आठवड्यांत फडात परतणाऱ्या, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर मुकादमाकडून खाडा लावून घेणाऱ्या या बायका. त्यांच्या तक्रारीमागे जंतुसंसर्ग आहे, पाळीचा विकार आहे की स्नायूंचा थकवा आहे, हे वेगळे काढायला वेळ, तपासणी आणि सबुरी लागते. पिशवी काढायला ऑपरेशनची टेबल लागते आणि बिल फाडता येते.

पिशवी काढल्याने खालची झोळी बळकट होते, असे कुणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. स्वीडनमध्ये पिशवी काढलेल्या १ लाख ६५ हजारांहून अधिक स्त्रियांचा इतर स्त्रियांशी तुलना करून अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. पिशवी काढलेल्यांना पुढे लघवी सुटण्यासाठी ऑपरेशन करावे लागण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे ज्या बाईच्या स्नायूंना आधीच आधार कमी होता, तिचा आधार आणखी कमी करून तिला घरी पाठवले जाते, आणि तेही पस्तिशीच्या आसपास, अजून पंचवीस-तीस वर्षे राबायची असताना.

काही वेळा ऑपरेशन आवश्यक असते. कर्करोग असेल, रक्तस्राव कशानेच थांबत नसेल, अंग पूर्ण बाहेर आले असेल, तर शल्यचिकित्सक देवासारखा धावून येतो. त्याबद्दल वाद नाही. पण अंग थोडेफार उतरलेल्या बाईलाही आधी चार महिने देखरेखीखाली व्यायाम देऊन पाहावा, असे ब्रिटनच्या सूचना सांगतात. आपल्याकडे त्या चार महिन्यांची संधी किती जणींना मिळते?

बीडच्या बोभाट्यानंतर खासगी दवाखान्यांनी पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे ठरले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना बजावले. चांगलेच झाले. पण सुरीवर कुलूप लावून बाईचे दुखणे थांबत नाही. तिच्या हाती परवानगीचा नकार पडला आणि उपचाराचा कागद पडला नाही, तर ती शेजारच्या जिल्ह्यात जाईल, नाहीतर घरी बसून सोसेल. नियमाच्या शेजारी उपचार उभा करावा लागतो, तो अजून उभा राहिलेला नाही.

चारित्र्य मोजणारी बोटे

आता सर्वांत चीड आणणारी गोष्ट. बाईचे हे अवयव मोजायला आपला देश कधीच लाजला नाही. फक्त मोजले ते तिच्या आरोग्यासाठी नव्हे. बलात्कार झालेल्या मुलीच्या योनीत दोन बोटे घालून ती किती 'सैल' आहे हे पाहायचे आणि त्यावरून ती 'संबंधांना सरावलेली' आहे का, असा शेरा वैद्यकीय अहवालात लिहायचा, हा प्रकार या देशात दशकानुदशके चालला. पाठ्यपुस्तकांतून तो शिकवला गेला. त्याला विज्ञानाचा काहीही आधार नव्हता. २०१० साली सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या चाचणीचे वाभाडे काढणारा अहवाल तयार केला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा आणि खासगीपणाचा भंग असल्याचे सांगितले. तरीही ती थांबली नाही म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

विचार करा. बोटे तीच, शरीर तेच. एका ठिकाणी बाईच्या मनाविरुद्ध तिचे चारित्र्य ठरवायला तपासणी, ती सर्रास. दुसऱ्या ठिकाणी तिच्या संमतीने तिचा आजार बरा करायला तपासणी, ती मात्र "आपल्याकडे बायकांना चालत नाही" म्हणून बाजूला. बायकांना काय चालत नाही, हे ठरवणारे कोण? चाळीस वर्षे लघवीच्या वासाची धास्ती घेऊन लग्नकार्यात कोपऱ्यात बसणाऱ्या बाईला कुणी विचारले?

बाजाराने या शांततेचा बरोबर फायदा उचलला आहे. शहरांतल्या दवाखान्यांच्या जाहिराती पाहा. बाळंतपणानंतर 'पुन्हा तारुण्य', लेझरने 'घट्टपणा'. या जाहिरातीतला ग्राहक वरवर बाई असते, पण वचन तिच्या नवऱ्याला दिलेले असते. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा लेझर आणि इतर ऊर्जा-उपकरणांविरुद्ध जाहीर इशारा दिला, भाजणे, व्रण पडणे, कायमच्या वेदना अशा इजांची नोंद केली. मोबाइलला जोडायची उपकरणेही बाजारात आहेत. बाईच्या सर्वांत खासगी स्नायूंचा आलेख कंपनीच्या संगणकावर जमा होतो. सैलपणाची धास्ती आधी तयार करायची आणि मग त्यावरचे यंत्र विकायचे, हा धंदा आहे. दोन बोटांच्या चाचणीमागचा विचार आणि या जाहिरातीमागचा विचार एकाच मुळाचा आहे. दोन्हींत बाईचे शरीर तपासले जाते ते दुसऱ्या कुणाच्या तरी समाधानासाठी.

आपल्या घरातली शरम

हे सगळे सरकारवर आणि बाजारावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या मुस्लिम समाजात या आजाराला आणखी एक कडा आहे. लघवीचा थेंब सुटला की वुजू तुटते. रुकूत वाकताना, सजद्यातून उठताना दाब पडतो आणि नेमके तेव्हाच थेंब सुटतो. बाई परत वुजू करते, परत उभी राहते, परत तेच. कपडे बदलते. शेवटी कंटाळून किंवा आपण नापाक आहोत या समजुतीने नमाज सोडते. घरच्यांना वाटते, अम्मीला हल्ली आळस आला. उमरा-हजला जायची ऐपत असूनही गर्दीत फजिती होईल या भीतीने नाव मागे घेणाऱ्या बायका आहेत. त्या कारण सांगतात गुडघ्याचे.

खरे तर शरीयतने अशा व्यक्तीला वाऱ्यावर सोडलेले नाही. सततचा स्राव किंवा लघवी न थांबण्याचा आजार असलेल्या माणसाला फिकहमध्ये माजूर म्हटले आहे. अशा व्यक्तीने नमाजची वेळ झाल्यावर वुजू करावी आणि नमाज पढावी, मध्ये थेंब सुटला म्हणून ती वाया जात नाही. कोकणी मुसलमान शाफई, दख्खनी आणि उत्तरेकडचे बहुतेक हनफी. दोन्हींत तपशिलाचा फरक आहे, पण सवलत दोन्हींत आहे. जुम्म्याच्या बयानात पायजमा घोट्याच्या किती वर असावा यावर आपण तास घालवतो. ही सवलत बायकांपर्यंत पोहोचावी यासाठी किती बयान झाले?

आणि ती सवलत मिळाली कशी, तेही पाहा. फातिमा बिन्त अबी हुबैश या सहाबिया थेट प्रेषितांकडे गेल्या. रक्तस्राव थांबत नाही, नमाज सोडू का, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी त्यांना झिडकारले नाही, हे बायकांचे आहे म्हणून टाळले नाही. ही पाळी नव्हे, हा आजार आहे, असा फरक समजावून त्यांनी मार्ग सांगितला. दीन समजून घेण्यात अन्सारी स्त्रियांना लाज आडवी आली नाही म्हणून हजरत आयेशा यांनी त्यांचे कौतुक केले आहे. ज्या परंपरेत चौदाशे वर्षांपूर्वी बाई उभी राहून हे विचारू शकत होती, त्या परंपरेचे नाव घेऊन आपण आज बायकांना गप्प करतो. हया म्हणजे आजार लपवणे, हा अर्थ आपण लावलेला आहे.

शिवाय माजूर ही सवलत आहे, उपचाराला पर्याय नाही. बरा होणारा आजार बरा करून घ्यावा, ही तर दीनचीच शिकवण. परपुरुष डॉक्टरचा मुद्दा पुढे करणाऱ्यांना सांगायला हवे की, या कामातल्या फिजिओथेरपिस्ट मोठ्या संख्येने स्त्रिया आहेत. आपल्या मुली फिजिओथेरपी शिकत आहेत. त्यांना या शाखेत पुढे शिकायला वजीफा द्या, पडद्याचा प्रश्न आपोआप सुटेल.

आपले ट्रस्ट आणि अंजुमन आरोग्य शिबिरे घेतात. साखर तपासतात, रक्तदाब तपासतात, चष्मे वाटतात. फोटो छान येतात. पण बायकांसाठी पडद्याआड एक टेबल, एक स्त्री डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट, असे किती शिबिरांत असते? यात बॅनरवर छापण्यासारखे काही नसते, हीच अडचण आहे का?

"याहून मोठे प्रश्न आहेत"

हा आक्षेप येणारच. टीबी आहे, कर्करोग आहे, अन्नाचा प्रश्न आहे, घर वाचवायचा प्रश्न आहे, आणि तुम्ही लघवीच्या थेंबांवर लिहिता? असे म्हणणाऱ्याने एक दिवस ओला कपडा लावून कारखान्यात पाळी भरावी. पाणी न पिता मे महिन्यात वाळूच्या पाट्या वाहाव्यात. थेंब सुटेल म्हणून पाणी न पिणाऱ्या बाईला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. रात्री वारंवार धावत उठणारी म्हातारी पडून खुबा मोडून घेते. ओझे उचलवत नाही म्हणून रोज बुडतो. नवऱ्याला कारण सांगता येत नाही म्हणून घरात भांडण होते. कुठला मोठा प्रश्न यापासून वेगळा आहे?

खर्चाची सबबही टिकत नाही. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या व्यायामाची साधारण दहा सत्रे डॉक्टर लिहून देतात आणि त्यांचा खर्च सामाजिक विमा उचलतो. आपण फ्रान्स नाही, मान्य. पण घरोघरी जाणाऱ्या आशा आपल्याकडे आहेत. बाळंतिणीच्या घरी त्या ४२ दिवसांपर्यंत अनेकदा जातात, मुख्यतः बाळासाठी. तिसाव्या वर्षानंतर रक्तदाब, मधुमेह आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी स्त्रियांची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे आहे. त्या तपासणीसाठी बाई टेबलावर झोपलेलीच असते. त्याच वेळी तिला "एकदा खोका" आणि "आता आवळा" एवढे सांगायला किती पैसे लागतात?

म्हणून मागण्या साध्या आहेत. नवी मुंबई महापालिकेने रबाळेसारख्या कामगार वस्तीच्या नागरी आरोग्य केंद्रांपासून सुरुवात करावी. प्रत्येक बाळंतिणीला सहा आठवड्यांनी आणि तिशीनंतरच्या तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईला तीन प्रश्न विचारले जावेत. खोकताना, शिंकताना लघवी सुटते का? खाली काही उतरल्यासारखे वाटते का? संबंधांच्या वेळी किंवा एरवी तिथे दुखते का? एका जरी प्रश्नाचे उत्तर हो आले, तर संमती घेऊन स्त्री कर्मचाऱ्याने स्नायू तपासावेत आणि शून्य ते पाच यांतला आकडा तिच्या कागदावर लिहावा. पालिकेच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस या कामासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट बसावी. ईएमजीचे यंत्र तिथे एक असावे, ज्या बाईला व्यायाम जमत नाही किंवा जिचे स्नायू आखडलेले आहेत तिच्यासाठी. कर्करोगासारखे तातडीचे कारण नसेल तर व्यायामाचा आणि औषधांचा काळ नोंदवल्याशिवाय पिशवी काढण्याची परवानगी मिळू नये. आणि कारखान्यांनी ओझ्याचा विचार करावा. अंगाला इजा होईल इतके जड ओझे कुणाला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमातच लिहिलेले होते. बाळंतपणावरून परतलेल्या बाईला काही महिने हलके काम आणि वेळेवर लघवीला जाण्याची मोकळीक देणे, यासाठी कुठला अध्यादेश लागत नाही.

त्या कागदावरच्या आकड्याला मी एवढे महत्त्व देते, त्याला कारण आहे. "मला त्रास होतो" म्हणणाऱ्या गरीब बाईचे कुणी ऐकत नाही. सासू म्हणते, आम्हालाही होत होते. नवरा म्हणतो, नाटके आहेत. मुकादम म्हणतो, खाडा लागेल. डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाकू. हातात "दोन" असा आकडा असलेली बाई तीन महिने व्यायाम करून "चार"वर आली, तर तिचा त्रास खरा होता हे सिद्ध होते आणि तो पिशवी न काढता कमी होतो हेही सिद्ध होते. तो आकडा तिच्या बाजूचा साक्षीदार असतो.

वाचकहो, पालिका जागी होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या घरातल्या बायकांना हे तीन प्रश्न विचारा. पुरुषांनी स्वतः विचारणे अवघड असेल तर हा लेख त्यांच्या फोनवर पाठवा. मुलींनी आईला विचारावे, सुनांनी सासूला विचारावे, बहिणींनी एकमेकींना विचारावे. उत्तर हो आले, तर पुढचा प्रश्न "पिशवी कधी काढायची" हा नसावा. "तपासायला कधी जायचे" हा असावा, आणि त्या दिवशी सोबत जायची तयारी ठेवा.